तळघर आणि फुटपाथ

मी भूल देणारी डॉक्टर आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंटला तोंड उघडायला सांगायचं हे माझं रोजचं काम. तोंड किती उघडतं, मान किती मागे जाते, दात पक्के आहेत की हलतात, यावरून श्वासनळीत नळी घालताना त्रास होणार की नाही ते कळतं. बहुतेकांच्या तोंडात माझी तीन बोटं उभी मावतात. त्या बाईंच्या तोंडात जेमतेम दीड बोट मावलं.

कार्डिफला येऊन मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बाई सत्तरीच्या पुढच्या, उंच, काळ्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. वडील बार्बेडोसचे खलाशी, आई वेल्श, जन्म इथल्याच गोदीच्या वस्तीतला. उजवा खुबा पार झिजला होता, तो बदलायचा होता.

"जबडा कधी मोडला होता का?" मी विचारलं.

"दोन ठिकाणी."

"अपघात?"

"नाही, लव्ह. पोलीस."

त्यांच्याशेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बारीक अंगाचे, गोरटेले, डोक्यावर लोकरीची टोपी. त्यांचा डावा डोळा काचेचा होता. ते माझ्या गळ्यातल्या बॅजवरचं आडनाव बराच वेळ वाचत राहिले आणि एकदम म्हणाले, "मराठी काय हो तुम्ही?"

मी चमकलेच. मिरज सोडल्यापासून असल्या सुरातलं मराठी माझ्या कानावर पडलं नव्हतं. ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. वडील बोटीवर आगवाले होते, भट्टीत कोळसा टाकणारे, त्यांच्या मागून हे मिसरूड फुटायच्या आत कार्डिफला आले. घरातली माणसं गेल्यावर मराठी बोलायला कुणी उरलंच नाही, म्हणाले. त्या दिवसापासून ते माझे चाचा झाले आणि बाई चाची.

जे पुढे लिहितेय ते लिहायची परवानगी चाचींनी दिली आहे. अट एकच घातली, नावं नकोत. माणसांचीही नकोत आणि संघटनेचंही नको.

पूर्ण भूल धोक्याची होती, म्हणून मी पाठीच्या कण्यातून इंजेक्शन द्यायचं ठरवलं. कमरेखालचा भाग बधिर होतो, माणूस जागा राहतो. बहुतेक पेशंट वर थोडं झोपेचं औषध मागतात किंवा कानाला हेडफोन लावतात, कारण खुब्याचं ऑपरेशन म्हणजे सुतारकाम. करवत चालते, ड्रिल चालतं, हातोडा चालतो. चाचींनी दोन्ही नाकारलं.

"हातात हातोडे घेतलेल्या पुरुषांसमोर मी झोपणार नाही," त्या म्हणाल्या.

मी पडद्याच्या या बाजूला, त्यांच्या डोक्याशी बसले होते. पलीकडे सर्जनने नवी वाटी हाडात बसवायला हातोडा घातला. टेबल हादरलं. चाचींनी माझा हात धरला आणि छताकडे बघत बोलायला लागल्या.

"दार फोडताना असाच आवाज होता."

त्या वीस वर्षांच्या असताना नर्सिंग शिकायला इंग्लंडमधल्या एका मोठ्या शहरात गेल्या होत्या. काळ्या मुलींना तिथे खालच्या दर्जाच्या कोर्सला घालत. भाड्याच्या खोल्यांच्या दारावर पाट्या असत, काळे नकोत म्हणून. एका संध्याकाळी त्यांच्या रस्त्यावरच्या शाळकरी मुलाला पोलिसांनी बसस्टॉपवर धरून इतकं बडवलं की तो एका कानाने कायमचा बहिरा झाला. त्याच्या मोठ्या भावाने चार-पाच जणांना जमवलं आणि संघटना सुरू झाली. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या बातम्या वाचून त्यांनी काळी जॅकेटं घातली, मुठी वर करायला शिकले. वेस्ट इंडियन होते, आफ्रिकन होते, मोजके हिंदुस्थानी आणि पाकिस्तानीही होते. ज्याला ज्याला या देशात लाथ बसलीय तो काळा, असा तेव्हाचा हिशेब होता.

"काय करायचात तुम्ही?" मी विचारलं.

"शनिवारी मुलांची शाळा चालवायचो. भाडेकरूंना हाकलायला कुणी आलं तर दारात बसायचो. आणि पोलिसांच्या मागे चालायचो."

"मागे?"

"दहा पावलं मागे. त्यांनी कुणाला धरलं की मोठ्याने ओरडायचं, नाव सांग, पत्ता सांग, बाकी एक शब्द बोलू नकोस, आम्ही बघतोय! एवढंच. त्याचाच त्यांना राग."

हातोडा पुन्हा पडला. चाचींचा रक्तदाब थोडा वर गेला. मी विचारलं, थांबूया का बोलणं? त्यांनी मान हलवली.

छापा पडला तेव्हा सकाळ होती. संघटनेच्या घरात शनिवारची मुलं लापशी खात होती. चाची चुलीपाशी होत्या. दार आतल्या अंगाला कोसळलं आणि पोलीस त्याच्यावरून चालत आत आले. पहिल्याने समोर दिसलेल्या मुलाला कॉलर धरून भिंतीवर आपटलं. चाचींनी लापशीचं पातेलं उचललं आणि त्याच्या अंगावर उपडं केलं.

"गरम होतं?" मी नकळत विचारलं.

"उकळत होतं," चाची म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता.

त्यांना केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत नेलं. व्हॅनच्या तळाशी पालथं पाडलं. एक जण मानेवर गुडघा टेकून बसला, दुसऱ्याने हनुवटीवर दंडुका मारला. पहिल्या फटक्याला दात तुटले, दुसऱ्याला जबडा. कोठडीत त्या रक्त गिळत पडून होत्या, कारण थुंकायला तोंड उघडत नव्हतं. पोलिसावर हल्ला केल्याबद्दल खटला झाला, शिक्षा झाली ती स्थगित ठेवली, पण नर्सिंग स्कूलने नाव काढून टाकलं. तोंड दीड महिना तारांनी बांधलेलं होतं, स्ट्रॉने सूप प्यायच्या.

पलीकडून सर्जन म्हणाला, "झालं, आता शिवतोय." त्याने आमचं काही ऐकलं नव्हतं. माझा तळहात चाचींच्या नखांनी सोलला होता.

त्या घरी गेल्यावर मी भेटायला जायला लागले. डॉक्टरने पेशंटच्या घरी असं जाऊ नये. पण त्या आता माझ्या पेशंट राहिल्या नव्हत्या आणि चाचांना मराठी बोलायला माणूस हवं होतं, ही सबब मी स्वतःला दिली होती. खरं म्हणजे मलाच तिथे बरं वाटायचं. मुलगा एडिनबराला नोकरीला, नवरा प्रोजेक्टसाठी महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. रविवारी दुपारी मी त्यांच्या छोट्या घरात सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे.

चाचांच्या डोळ्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं. मी धरून चालले होते की तोही पोलिसांनीच फोडला असणार.

"छे छे," चाचा म्हणाले. "तो आपल्याच माणसांनी."

चाची चहा ओतत होत्या. मराठी त्यांना येत नव्हतं, पण कुठली गोष्ट चाललीय ते कळलं असावं. त्या किटली घेऊन आत गेल्या.

छापा पडला त्याच्या थोडं आधी चाचा संघटनेत आले होते. कामासाठी कार्डिफहून त्या शहरात गेलेले, तिथे एका बेकरीत होते, इंग्रजी मोडकंतोडकं, बैठकीत गप्प बसायचे. छाप्यानंतर संघटनेत संशय पसरला. मुलं त्या सकाळी घरात आहेत, आतली कडी मोडलेली आहे, हे पोलिसांना कुणी सांगितलं? जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. कुणीतरी म्हणालं, त्या हिंदुस्थानी पोराला आपण कोपऱ्यावर पोलिसाशी बोलताना पाहिलंय.

"बोलत होतो ते खरंच," चाचा म्हणाले. "त्याने मला थांबवून पिशवी उघडायला लावलेली. पिशवीत पाव. पाव बघून म्हणाला, चोरलेस काय? मी सांगत होतो की पगारात देतात. आता हे लांबून बघणाऱ्याला काय कळणार?"

त्यांना संघटनेच्या घराच्या तळघरात नेलं. कोळसा ठेवायची जागा होती ती. खुर्चीला हात बांधले. प्रश्न विचारणारा तोच होता, ज्याच्या भावाचा कान गेला होता, संघटनेचा पुढारी. आधी थपडा, मग बुक्के, मग कमरेचा पट्टा. चाचा सगळ्याला नाही म्हणत राहिले. मार बसला की त्यांचं इंग्रजी पळून जायचं आणि ते मराठीत ओरडायचे. त्यामुळे मारणारे आणखी चिडायचे, हा कुठल्या तरी खुणेच्या भाषेत बोलतोय म्हणून. पट्ट्याचं बक्कल डोळ्यात घुसलं तेव्हा आपल्याला गालावर काहीतरी कोमट वाहतंय एवढंच कळलं, असं ते म्हणाले.

"मग?"

"मग ती आली."

चाची वरच्या मजल्यावर राहत होत्या. तोंडाला तारा बांधलेल्या. किंचाळ्या ऐकून खाली आल्या. ओरडता येत नव्हतं, दातांमधून नुसता घुमल्यासारखा आवाज निघत होता. त्यांनी खुर्चीतल्या माणसाचा डोळा पाहिला, पट्टा कुणाच्या हातात आहे ते पाहिलं, आणि कोपऱ्यातलं कोळशाचं फावडं उचलून पुढाऱ्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज चाचांना ऐकू आला. बाकीचे दोघे पुढे सरसावले तर तिने फावडं उलटं धरून धारेची बाजू त्यांच्याकडे केली. एक अक्षर न बोलता तिने त्यांना भिंतीपर्यंत मागे रेटलं आणि एका हाताने दोर सोडले.

टॅक्सी कुणी थांबवेना. ती दोघं बसमध्ये चढली. तिचं तोंड तारांनी बंद, त्याच्या चेहऱ्यावर रक्ताने भिजलेला टॉवेल. कंडक्टर कृष्णवर्णीयच होता. त्याने तिकीट मागितलं नाही, ड्रायव्हरला जाऊन काहीतरी सांगितलं आणि बस मधले स्टॉप न घेता हॉस्पिटलच्या दारात उभी राहिली. एका गोऱ्या म्हातारीने तक्रार केली, माझा स्टॉप गेला म्हणून. तिला कंडक्टर म्हणाला, "मॅडम, त्याचा डोळा गेलाय."

हॉस्पिटलने पोलिसांना बोलावलं. कुणी मारलं, त्यांनी विचारलं. चाचा म्हणाले, जिन्यावरून पडलो. तिने कागदावर तेच लिहून दिलं.

"नाव का नाही सांगितलंत?" मी जरा चिडूनच विचारलं.

"सांगितलं असतं तर मी खरंच खबऱ्या झालो असतो की हो, डॉक्टरीणबाई."

चाचींना संघटनेने काढून टाकलं. नेत्यावर हात उचलला, गद्दाराला सोडवलं. दोघं कार्डिफला आली, लग्न केलं. मूल झालं नाही. चाचींनी आयुष्यभर म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची सेवा केली, चाचा बेकरीतच राबले. संघटना दोन-तीन वर्षांत फुटली. खबर खरी कुणी दिली ते कधीच कळलं नाही.

चाची आतून बिस्किटं घेऊन आल्या. मी त्यांना विचारलं, इतकं सगळं झाल्यावर त्या लोकांचा तिटकारा वाटत नाही का?

"त्या तिघांचा वाटतो," त्या म्हणाल्या. "पण शनिवारच्या शाळेत शिकलेली मुलं आज आजोबा झालीत. त्यातली दोन वकील आहेत. ते मी कसं पुसू?"

हे झालं त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या गावांत जमाव फिरायला लागले. आश्रयाला आलेल्या लोकांना ठेवलंय म्हणून हॉटेलं जाळायला बघत होते, दुकानं फोडत होते. हॉस्पिटलमधल्या आम्हा सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तेच. फिलिपिनो नर्सेस एकेकट्या घरी जाईनात. मुलाचा फोन आला. त्याचा जन्म इथला, मराठी बोलतो पण लिंगाचा गोंधळ कायमचा. "आई, तू बाहेर जाऊ नको. इथे पण खराब हवा झाला आहे." मी म्हटलं, आपल्या वेल्समध्ये नाही रे तसलं काही होत.

त्या रविवारी मी चाचांसाठी कुळथाचं पीठ घेऊन गेले होते. लंडनला एजवेअरमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीने ते पाठवलं होतं. चाचांनी किती वर्षांत पिठी खाल्ली नव्हती. मी त्यांच्या स्वयंपाकघरात लसणाची फोडणी घालून पिठी केली, भात केला. चाचा ताटावर वाकून, बोटांनी कालवून, नाक ओढत जेवत होते. चाची त्यांच्याकडे बघून हसत होत्या. ऑपरेशनला दोन महिने होत आले होते, त्या आता एका काठीवर चालायच्या.

बाहेर काच फुटली.

शेजारच्या घरात कौन्सिलने एक सुदानी कुटुंब ठेवलं होतं, आई आणि दोन लहान मुली. मी खिडकीतून पाहिलं. सहा-सात पुरुष होते. एकाच्या खांद्यावर झेंडा, दोघांच्या हातात बियरचे कॅन. एकाने कचऱ्याचा चाकांचा डबा उचलून त्या घराच्या खिडकीवर फेकला होता, तो अर्धा आत लटकत होता. आतून मुलींच्या किंकाळ्या येत होत्या. "बाहेर काढा! जाळा!" असं ते ओरडत होते.

मी फोन काढून पोलिसांना पत्ता सांगायला लागले. तेवढ्यात चाचा खरकट्या हातानेच दार उघडून बाहेर गेले.

"चाचा, नका जाऊ!" मी ओरडले. मी पण मागे धावले.

ते शेजारच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. टोपी घरातच राहिली होती. दोन्ही हात पसरून म्हणाले, "आत लहान पोरी आहेत. घरी जा."

झेंडेवाला हसला. दुसऱ्याने, विशीतल्या एका पोराने, समोरच्या कुंपणावरची सुटी वीट उचलली. मला वाटलं तो खिडकीवर फेकेल. त्याने ती हाताभराच्या अंतरावरून चाचांच्या छातीवर मारली. चाचा बसले. बसले तर त्याने पुन्हा वीट उचलली आणि पुन्हा मारली, त्याच जागी. मग दोघांनी लाथा घातल्या.

मी त्या पोराच्या पाठीला लोंबकळले. दुसरं काही सुचलं नाही. कुणीतरी माझे केस धरून मला मागे फेकलं. मी डाव्या हातावर पडले. हात मनगटापासून विचित्र वळलेला मला दिसला, दुखलं मागाहून. माझ्या तोंडाजवळ एक बूट आला. त्या बुटाच्या माणसाने मला एक शिवी दिली, त्यात माझ्या देशाचं नावही चुकीचं होतं.

तेव्हा चाची आल्या. त्यांना पळता येत नव्हतं. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत त्या फुटपाथवर आल्या, आणि पुरेशा जवळ आल्यावर काठी दोन्ही हातांनी धरून विटेवाल्या पोराच्या गुडघ्यावर मारली. तो कोसळला. मग त्या रस्त्याच्या मध्यभागी उभ्या राहून ओरडायला लागल्या. त्याच्यावर नाही, घरांवर. "बाहेर या! सगळे बाहेर या! आम्ही बघतोय!" एवढ्या म्हाताऱ्या छातीतून तो आवाज कसा निघाला मला माहीत नाही. समोरच्या घरातला बस ड्रायव्हर बनियनवर बाहेर आला. त्याची बायको बागेतली कुदळ घेऊन आली. मग दारं उघडतच गेली. कुणाच्या हातात तवा, कुणाच्या हातात क्रिकेटची बॅट. झेंडेवाले पळाले. बस ड्रायव्हरने पडलेल्या पोराला तोंडावर ठोसा मारला. त्याच्या बायकोने कुदळीचा दांडा त्याच्या पाठीत घातला. तो रडायला लागला तरी ते थांबेनात. मी ते बघत होते. थांबवा म्हणायला तोंड उघडलं नाही, आणि मला ते थांबायला नकोच होतं. पोलिसांची गाडी आली तेव्हा ते थांबले.

मी सरपटत चाचांपर्यंत गेले. छातीचा डावा भाग श्वास घेताना आत जात होता, सोडताना बाहेर येत होता. बरगड्या सुट्या झाल्या की असं होतं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पिठीने पिवळसर होती.

माझ्या मनगटाला प्लेट आणि स्क्रू बसले. चाचा आयसीयूत होते. माझ्या सहकाऱ्यांनी सगळं केलं. पण त्या वयात, ठेचलेल्या फुप्फुसात न्यूमोनिया शिरला की आमच्या हातात थोडंच राहतं. ताप चढला आणि चाचांचं इंग्रजी गेलं. ते फक्त मराठीत बोलायचे. मी पेशंटचा गाऊन घालून, हात गळ्यात अडकवून त्यांच्या पलंगाशी बसायचे आणि नर्सेसना भाषांतर करून सांगायचे. पाणी मागतायत. कूस बदला म्हणतायत. एकदा ते मला माझी आई समजले. एकदा पूर्ण शुद्धीवर येऊन म्हणाले, "त्या पोराला पकडला काय?"

"पकडला."

"त्याला कोठडीत मारू नका म्हणावं."

मी ते चाचींना इंग्रजीत सांगितलं. चाचींचा चेहरा दगडासारखा झाला. "त्यांना सांग, मी काही वचन देत नाही," त्या म्हणाल्या. "मला त्याचा दुसरा गुडघा फोडायचाय."

मी मराठीत चाचांना सांगितलं, चाची बरं म्हणाल्या.

दोन आठवडे झुंजून ते गेले.

दफनाला कबरस्तानात बायका येत नाहीत, असं मशिदीतल्या एका तरुणाने हळूच सांगितलं. चाची चॅपलमध्ये वाढलेल्या. त्या म्हणाल्या, मी येणार. इमाम स्वतः म्हातारे, चाचांच्या बेकरीतला पाव खाल्लेले. त्यांनी चाचींना खुर्ची आणून दिली. मी त्यांच्या मागे उभी राहिले. पाऊस नव्हता, पण माती ओली होती.

माती टाकायला माणसं रांगेत पुढे येत होती. तेवढ्यात फाटकातून व्हीलचेअरवर एक म्हातारा आला. मागे त्याची मुलगी असावी. कृष्णवर्णीय, धिप्पाड असावा कधीकाळी. उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वाकडं जुळलेलं होतं. हाडं ओळखायला मला वेळ लागत नाही. चाचींनीही ओळखलं.

"पेपरमध्ये वाचलं," तो म्हणाला. "मी चुकलो होतो. त्याचं काही नव्हतं. मला हे फार पूर्वीच कळलं होतं."

"मग त्याला सांगायचंस," चाची म्हणाल्या. "पन्नास वर्षं या गावाला ट्रेन येते."

तो वाकून मूठभर माती घ्यायला लागला.

"नाही," चाची म्हणाल्या. "मातीला हात लावायचा नाही तू."

त्याची मुलगी काही बोलणार होती, त्याने तिला थांबवलं. हात मांडीवर ठेवून तो शेवटपर्यंत तिथे बसून राहिला. परत निघताना चाची त्याच्या खुर्चीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मशिदीत जेवण आहे. जेवून जा." तो जेवला. दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसली होती.

खटला हिवाळ्यात उभा राहिला. पोराने गुन्हा कबूल केला. कोर्टात तो शर्ट-टाय घालून आला होता. टाय कुणीतरी बांधून दिलेला दिसत होता. चाचींना दोन शब्द बोलायची मुभा होती. त्या काठी टेकून उभ्या राहिल्या.

"मी तरुण असताना तुमच्यासारख्याच एका न्यायाधीशाने मला हिंसक म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "असेन. त्याचं मला आता काही वाटत नाही. माझा नवरा हिंसक नव्हता. त्याला दोनदा मारलं गेलं, एकदा मित्रांनी, एकदा यांनी, आणि दोन्ही वेळा तो रिकाम्या हाताने होता. मी यांना माफ करत नाही. कुणी मला तसं विचारू पण नये."

एवढंच बोलून त्या बसल्या. बारा वर्षं शिक्षा झाली. पोराची आई मागच्या बाकावर तोंडात रुमाल कोंबून रडत होती. मला तिची दया आली नाही. यायला हवी होती की नाही, हा विचार मी अजून करते.

माझं मनगट जुळलं, पण पूर्वीसारखं नाही. नळी घालताना जबडा उचलायला डाव्या हाताचा जोर लागतो. तो आता मला येत नाही. मी ऑपरेशन थिएटर सोडलं. दुखण्याच्या क्लिनिकमध्ये बसते, ज्युनियर डॉक्टरांना शिकवते. रस्त्यात चार पुरुष घोळक्याने हसत समोरून आले की मी किल्ल्या मुठीत धरते, टोक बोटांच्या मधून बाहेर काढून. आधी मी असं कधी केलं नव्हतं. भीती असती तर समजलं असतं. पण किल्ली कुठे खुपसायची हे मी शांतपणे ठरवत असते, आणि डॉक्टर असल्यामुळे मला जागा चांगल्या माहीत आहेत.

सुदानी कुटुंबाला दुसऱ्या गावी हलवलं. चाची त्याच घरात राहतात. मी दर रविवारी जाते.

परवा मुलाचा फोन आला. "आई, तुझी हात कसं आहे?"

"बरा आहे."

"तू अजून जाते त्या रस्त्यावर?"

"जाते की."

तो म्हणाला, "पुढच्या रविवारी मी येतो. मी पण येतो तुझ्याबरोबर."

मी त्याला नको म्हणणार होते. पण म्हटलं, ये. येताना जाड बूट घालून ये.